माईक लावण्याआधीचं हसू

— त्या हसण्याबद्दल सोडून काय विचारायचं ते विचार. आणि बस आधी, अशी दाराशी उभी राहू नकोस. ते हेडफोन उचल खुर्चीवरचे, ठेव कुठंही. हं. काय म्हणत होतीस — तुमचा तो शॉट आम्हाला वर्गात दाखवला, सरांनी तीन वेळा मागे नेऊन दाखवला, अंगावर काटा आला — आला असेल गं, सगळ्यांच्याच येतो. बावीस वर्षं झाली, जो येतो तो त्या एका हसण्याचं घेऊन बसतो. त्यानंतर मी एकोणीस माहितीपट कापले. एकोणीस! त्यातल्या एकाचं नाव सांग बघू. नाही ना येत? तेच म्हणते मी. धक्क्यावरची ती तिकीटवाली बाई, तिची जाऊ बोटीबरोबर बुडाली, आणि त्याबद्दल बोलता बोलता ती खाली बघून हसते — झालं, तेवढीच मी. बाकी बावीस वर्षं मी इथे माशा मारत होते.

आण तो फॉर्म. अगं बाई, तोच आहे की, रंग तेवढा बदललाय. व्यावसायिक आदानप्रदान कार्यक्रम. सहा महिने तू तिकडे आणि सहा महिने त्यांच्यातला कोणीतरी इकडे, तुझ्या खुर्चीत. शिफारस करणाऱ्याची सही, आजच, पाचच्या आत — आणि तू येतेस सव्वातीनला. असू दे, मीही शेवटच्या दिवशीच गेले होते. सही काय, दोन सेकंदांचं काम. तुझ्या फिल्मचा नमुना पाहिला मी, काल दोनदा पाहिला. बोलू त्यावर. पण आधी तिकडे जाऊन करायचं काय ते ऐकून घे, कारण हा कागद घेऊन माझ्यासमोर बसणारी तू सातवी, आणि आधीच्या सहाही जणांनी मला एकच प्रश्न विचारला — मॅडम, तिकडे थंडी किती असते? असते भरपूर. स्वेटर ने.

मी गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. इथे सहायक. सहायक म्हणजे काय, तर टेपांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, साहेब कापणार आणि मी त्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसून बघणार. पाच वर्षं मी साहेबांचं टक्कल पाहिलंय, दुसरं काही नाही. साहेब वाईट नव्हते. सरळ म्हणाले, जा, सहा महिन्यांत एका फिल्मवर संकलक म्हणून नाव लावून घेऊन ये, आलीस की ही खुर्ची तुझी. नाही आणलंस तर चिठ्ठ्या आहेतच. घरी सांगितलं तर भाऊ म्हणतो, कात्री चालवायला शिकायची तर परदेशात कशाला, कोपऱ्यावर शिवणक्लास आहे. सगळे हसले. आई सुद्धा. मीही हसले — आणि मनात म्हटलं, थांबा, नाव घेऊन येते आणि मग बघते तुमच्याकडे. आता सांग, एवढं डोक्यात घेऊन गेलेल्या बाईनं तिथे काय करू नये? काहीही करावं ना तिनं? मग तेच झालं.

त्यांचा जो माणूस इकडे आला, त्याला पहिल्या दिवसापासून सगळे सर म्हणायला लागले. वय चोवीस! त्याच्यासाठी पंखा वळवून ठेवायचे. आणि मला तिकडे नावच नव्हतं. माझं नाव त्यांच्या तोंडात बसेना, मग 'पाहुणी' म्हणायला लागले, त्यांच्या भाषेतलं. पाहुणीला कोणी रागवत नाही, आणि पाहुणीच्या हातात कोणी कामही देत नाही. सगळे गोड. दार उघडून धरायचे. मुख्य संकलक होता एक, उंच, खांद्यावर कायम मफलर, मी मनात त्याला मोठेबुवा म्हणायचे. तो रोज सकाळी माझ्याकडे बघून मान डोलवायचा आणि पुढे निघून जायचा. साडेचार महिने! साडेचार महिन्यांत त्या माणसानं माझं एक वाक्य ऐकून घेतलं नाही. तुला वाटतंय तू गेलीस की ते मशीन पुढे ओढून म्हणतील, या बाई, कापा? तुला वही देतील. मला वही दिली. चौऱ्याऐंशी टेपा होत्या, त्यात काय काय आहे ते मिनिट-सेकंदासकट लिहून काढायचं. भाषा येत नाही, लिहिणार काय? बाई बसली. बाईनं पाणी प्यायलं. बाई खिडकीकडे बघते. बाई गप्प. बाई अजून गप्प. — हस, हस, मलाही यायचं हसू. पण एक झालं. ती बाई मला पाठ झाली. माझ्या आईपेक्षा पाठ झाली. कुठल्या प्रश्नाला आवंढा गिळते, बोटातली अंगठी कधी फिरवते, कधी डोळे मिटते, सगळं. बोलणं सोडून सगळं.

गोष्ट तर तुला ठाऊकच आहे. बोट उलटली, माणसं गेली. ही बाई धक्क्यावर तिकिटं द्यायची. बोटीत हिची जाऊ होती, आणि जावेची मुलगी घरी, सहा वर्षांची. ती मग हिनंच वाढवली. पुतणी म्हणायची, पण आईसारखंच सगळं. फिल्म झाली तेव्हा पुतणी सतराची. तर मुलाखतीत तिला विचारलं, जाऊ त्या बोटीत होती हे ठाऊक होतं का. ती म्हणाली, हो, तिचं तिकीट मीच फाडलं. आणि मग भरकटली — चार मिनिटं. खिडकीची कडी नीट लागत नव्हती, त्या दिवशी सुटे नव्हते, असलं काहीतरी. आणि चार मिनिटांनी एकदम म्हणते, ती शेवटची चढली. मोठेबुवांना ती चार मिनिटं नको होती. तिकीट मीच फाडलं — ती शेवटची चढली. जोडून हवं. पण जोडलं की चेहरा टुणकन उडी मारतो ना पडद्यावर, मध्ये काहीतरी झाकण लागतं. हाताचा शॉट होता, तो धूसर. नदी आधीच सात वेळा दाखवून झालेली, आठव्यांदा नदी दाखवली तर लोक पोहायला उतरतील. मोठेबुवा दोन दिवस डोकं धरून बसले. आणि मला माहीत होतं. टेप एकतीस, अगदी सुरुवात. मुलाखत सुरू व्हायच्या आधी बाई खाली बघते आणि हसते. वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं — बाई हसली. चौऱ्याऐंशी टेपांत एकदाच.

दुपारी ते सगळे जेवायला गेले आणि मी बसले मशीनवर. लावला तो शॉट. तिकीट मीच फाडलं — खाली बघून हसू, दोन सेकंद — ती शेवटची चढली. बाई गं. पाहिलं आणि पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मोठेबुवा परत आले, पाहिलं, मफलर काढून ठेवली. सगळ्यांना हाका मारून बोलावलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्यानं, वेडंवाकडं घेतलं, पण घेतलं. आता तू म्हणशील, तुम्हाला अर्थ तरी कळत होता का? नव्हता गं. भाषा कुठे येत होती? नवखी होते, एक चांगला शॉट दिसला, लावला, चूक झाली. नवीन माणसाची होते तशी चूक. हसली होती ती खरीच, मी काय रंगवून लावलं नव्हतं. ध्वनीवाला तिच्या गळ्याशी माईक लावत होता, त्याचं गार बोट लागलं मानेला आणि गुदगुल्या झाल्या तिला, एवढंच. ते बोट जरा दिसत होतं खाली कोपऱ्यात, म्हणून चित्र थोडं मोठं करून ते बाहेर काढलं, पण बाकी शॉट जसाच्या तसा —

काय झालं? अशी का बघतेस?

हं. हुशार आहेस. बोट कापलं म्हणजे बोट दिसलं होतं. आणि बोट दिसलं होतं म्हणजे हसू कशाचं ते मला कळलं होतं. बरोबर आहे. बावीस वर्षं मी हे लोकांना सांगते — भाषा येत नव्हती, नवखी होते — आणि कोणी पकडलं नाही मला. बोटाचं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं म्हणा. आज कसं निसटलं कोण जाणे. बरं, आता निसटलंच आहे तर ऐक. भाषा येत नव्हती हे खरं, पण कागद होता. तिथे एक दुभाषी होती, शूटिंगला सगळीकडे बरोबर गेलेली, माझ्याच वयाची, तिनं त्या मुलाखतीचा शब्दन् शब्द मला कळेल असा उतरवून दिला होता. माझ्या टेबलावर होता तो. जाऊ म्हणजे काय, तिकीट कुणी फाडलं, सगळं वाचून बसले होते मी. मोठेबुवांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे हसू कुठलं? मी म्हटलं, तिथलंच, त्याच उत्तरातलं. दुभाषीनं ते त्याला सांगितलं. तिला ठाऊक होतं, ती हजर होती ना मुलाखतीला! आपलं काही घातलं नाही त्यात. फक्त माझ्याकडे बघून सांगितलं त्याला. नंतर मशीनपाशी चहा घेताना मला म्हणाली, अजून सांगू शकतेस. मी म्हटलं, सांगते उद्या. सहा आठवडे उरले होते माझे. त्या संध्याकाळी मोठेबुवांनी नावांच्या यादीत संकलनाखाली माझं नाव घातलं, त्याच्या नावाच्या शेजारी. आता सांग उद्या.

तुझा चहा गार झाला. पी.

पुढचं तुला वर्गात सांगितलं नसेल. फिल्म पहिल्यांदा दाखवली ती त्याच गावात, नगरपालिकेच्या सभागृहात, घडीच्या खुर्च्या टाकून. ती बाई आली होती, चांगला कोट घालून, केस नीट बसवून. पुतणी शेजारी, हातात हात. मी मागच्या रांगेत. तो शॉट आला आणि सभागृहात एक आवाज झाला — आवाज म्हणजे काय, शंभर माणसांनी एकदम श्वास आत घेतला की होतो ना, तो. मोठेबुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. संपल्यावर टाळ्या, फुलं, सगळं झालं. आणि गर्दी हटल्यावर ती बाई सरळ माझ्याकडे आली. तिला कुणीतरी सांगितलं असणार, ही बसवते चित्रं. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं गं, खरंच सांगते. ती भांडायला आलीच नव्हती. तिनं दुभाषीकडून मला विचारलं — मी हसले होते का? म्हणजे आरोप नाही, संशय नाही, खरोखरचा प्रश्न. तिला आठवत नव्हतं. तिला वाटत होतं, आपण हसलो असू. फिल्ममध्ये दिसतंय म्हणजे हसलोच असू. तू हे सगळं बसून पाहिलंयस, तूच सांग, त्या वेळी मी हसले होते का.

आणि मी हो म्हटलं.

नुसती मान हलवली. त्याला दुभाषी लागत नाही. पुतणी शेजारीच उभी होती, तिनंही ते पाहिलं, आणि तिनं हात सोडवून घेतला. झटकला वगैरे नाही हं. केस सारखे करायचे म्हणून सोडवला आणि परत दिला नाही. दुभाषीचं पत्र आलं होतं मला नंतर, एकच. पुतणी घर सोडून गेली म्हणून. लोक बाईच्या खिडकीवर तिकीट घेईनात, दुसऱ्या खिडकीसमोर रांग लावतात म्हणून. जावाजावांचं आधी काहीतरी बिनसलं होतं म्हणे, ते आता सगळं गाव उकरून काढतंय म्हणून. उत्तर लिहिलं नाही मी. काय लिहिणार होते? तोवर मी इथे परत आले होते, साहेबांनी खुर्चीवरून उठून मला बसवलं होतं, भावानं पेपरातलं कात्रण काढून काचेखाली ठेवलं होतं. एकानं लिहिलं होतं, त्या एका हसण्यात मत्सराचा सगळा इतिहास आहे. इतिहास! गुदगुल्या होत्या रे बाबा.

असो. तुझ्याकडे येऊ आता. नमुना छान आहे. खोटं नाही सांगत, हात चांगला आहे तुझा, कुठे थांबायचं ते कळतं, आणि ते शिकवून येत नाही. विषयही घरचा. वडील पंख्यांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉइल भरायचे, कारखाना बंद पडला. तू विचारतेस, बाबा, शेवटच्या दिवशी काय वाटलं? ते म्हणतात, काय वाटायचंय, डबा घेतला आणि घरी आलो. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. गालावरून खाली येतं, ते पुसत नाहीत. सुंदर. बघणारा गार पडतो. मीही पडले, पहिल्यांदा पाहताना. दुसऱ्यांदा पाहताना मी त्यांच्या शर्टाकडे बघत होते.

माईक कुठंय?

बोलताना माईक आहे शर्टाला, दुसऱ्या बटणापाशी, काळा, एवढा मोठा. रडताना नाही. मग रडताना काढून ठेवला का त्यांनी? बोल की. — औषध? डोळ्यात घालायचं? मोतीबिंदू काढलाय होय. कधी, महिना झाला? म्हणजे थेंब घातले, डोळे उघडे ठेवून बसले, आणि तू कॅमेऱ्याची जागा बघत होतीस. चालूच होता कॅमेरा. आणि नंतर कापायला बसलीस तेव्हा दिसलं. कळतंय गं मला, मला नाही कळणार तर कुणाला? पण मी निदान बोट तरी कापलं होतं. तू तेवढीही तसदी घेतली नाहीस.

आणि खरं सांग, तो थेंब काढला तर काय राहतं? डबा घेतला आणि घरी आलो. आणि मग ते काय करतात, तुझ्याकडच्या खऱ्या टेपेत? — गप्प बसतात? किती वेळ? — आणि मग म्हणतात, झालं का तुझं, पंखा लावू का? अगं, मग ते ठेव ना! माणूस तीस वर्षं पंखे बनवून घरी बसलाय आणि मुलीला विचारतोय पंखा लावू का, हे सोडून तू औषध दाखवतेस? — हो, माहितेय. माहितेय. त्यावर तिकडचे लोक खुर्चीतून उठणार नाहीत. त्यांना रडणारा बाप हवा. तू विचार करून केलंयस, उगीच नाही. त्यांनी पाहिलंय का हे, वडिलांनी? दाखवलं नाहीस अजून. दाखवशील कधीतरी, घरात चार माणसं बसली असताना. आणि ते काही बोलणार नाहीत बघ. त्यांना वाटेल, पोरगी एवढी शिकलेली, ती दाखवतेय म्हणजे आलं असेल रडू. दोन वर्षांनी ते स्वतःच लोकांना सांगतील, त्या दिवसाचं बोलताना मला रडू आलं होतं. त्यांचा तो दिवस होता गं. डबा घेतला आणि ताठ मानेनं घरी आले होते ते.

खाली थांबलेत? कोण, वडील? तुला सोडायला आले? या उन्हात, डोळा असा असताना, तिथे पायरीवर बसलेत? अगं मग वर बोलव की. बोलव, थंड पाणी देऊ, इथे बसवू या खुर्चीत आणि पाच मिनिटांचं हे दाखवू त्यांना. तिघं मिळून बघू. झालं की मी सही करते, तुझ्या वडिलांसमोर करते. लाव फोन. — हातात घेतलायस ना, लाव मग. — मी काही बोलणार नाही त्यांना. शपथ. फक्त बघू दे. — लाव.

बरं.

ठेव तो फोन. ठेव म्हणते ना. दे इकडे तो कागद. कुठे करायची, इथे? आणि हे उमेदवाराच्या कामाबद्दल दोन ओळी. लिहिते. नजर तीक्ष्ण, हात तयार, दृश्यातली ताकद अचूक ओळखते. खोटं एक अक्षर नाही त्यात. ही तारीख. ही सही. घे. अशी बघू नकोस माझ्याकडे, खरीच केलीय. तुला काय वाटलं, एवढं सगळं ऐकवून मी तुला रिकाम्या हातानं पाठवणार? ठरवलं होतं तेच, काल रात्री तुझा नमुना पाहिल्यापासून. जमलं नाही. तुला नाही म्हणायचं तर आधी या खुर्चीतून उठावं लागेल मला, आणि पन्नाशीत मी उठून जाऊ कुठे? निवड होईल तुझी. लिहून देते हवं तर. माईक कुणी बघत नाही.

धन्यवाद-बिन्यवाद नको. ऊठ. कार्यालय लांब आहे आणि चार वाजत आले. खाली गेलीस की ते विचारतील, मॅडम काय म्हणाल्या? सांग, आवडलं त्यांना. मग विचारतील, काय आवडलं? ते काय सांगायचं ते जिना उतरता उतरता ठरव, आणि जाताना दार ओढून घे.